मुंबईतल्या सोलारचा अंदाज: सूर्य गणितावर सोडा, न्यूरल नेटवर्कला फक्त ढग शिकवा

गच्चीवाला

सोलारवरच्या आधीच्या धाग्यात 'उद्या गच्चीवर किती युनिट बनतील हे एआय सांगू शकेल का' असा प्रश्न आला होता. तिथली चर्चा सबसिडी आणि नेट मीटरिंगकडे वळली, म्हणून हा वेगळा धागा काढतोय. मोठ्या सौर प्रकल्पांच्या निर्मितीचे अंदाज काढणं हे माझं रोजचं काम, आणि राहतो मुलुंडला, त्यामुळे सोसायटीच्या गच्चीवरचं सोलारही रोज डोळ्यांसमोर असतं.

मुद्दा आधीच सांगून टाकतो. मुंबईसाठी न्यूरल नेटवर्क बनवणार असाल तर त्याला सूर्य शिकवत बसू नका. सूर्य गणिताने मिळतो. नेटवर्कची सगळी ताकद ढगांवर लावा.

नेटवर बघितलं तर ठरावीक पद्धत दिसते. इन्व्हर्टरच्या (पॅनेलची वीज वापरण्याजोग्या विजेत बदलणाऱ्या पेटीच्या) वर्ष-दोन वर्षांच्या नोंदी घ्यायच्या, त्यांना तापमान, आर्द्रता, तास, महिना जोडायचा, सगळं एका एलएसटीएममध्ये (क्रमाने येणाऱ्या नोंदींवर शिकणाऱ्या न्यूरल नेटवर्कमध्ये) घालायचं आणि शेवटी खऱ्या निर्मितीची रेघ आणि अंदाजाची रेघ एकमेकींवर बसलेला आलेख दाखवायचा. आलेख छान दिसतो. पण त्यातला मोठा वाटा सूर्य रोज उगवतो आणि मावळतो याचा असतो. रात्रीची शून्यं बरोबर आली, दुपारचा उंचवटा जागेवर आला, की टक्केवारी आपोआप चढते. हेच मॉडेल जुलैतल्या एका दुपारी लावून बघा, मग ते काय शिकलं आणि काय नाही ते कळतं.

आपण साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहोत. त्यामुळे मुंबईत सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो, मेच्या मध्याला आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. मधल्या काळात दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो आणि पॅनेल मात्र दक्षिणेकडे कललेली असतात. जूनमधला मोठा दिवस सव्वातेरा तासांचा, डिसेंबरातला लहान दिवस ११ तासांचा, आणि तेव्हा भरदुपारीही सूर्य क्षितिजापासून ४७-४८ अंशच वर चढतो. तारीख, वेळ, अक्षांश, रेखांश, पॅनेलचा कल आणि दिशा एवढं दिलं की हे सगळं सूत्रांनी मिळतं. पायथॉनमधली पीव्हीलिब ही मोफत लायब्ररी नेमकं हेच काम करते. जे सूत्राने अचूक मिळतं ते नेटवर्कला नोंदींवरून चाचपडत शिकायला लावलं तर नोंदी वाया जातात, आणि बहुतेक सोसायट्यांकडे वर्षभराच्याही सलग नोंदी नसतात.

ग्रहणाचंच घ्या. २६ डिसेंबर २०१९ ला सकाळी मुंबईतून खंडग्रास सूर्यग्रहण दिसलं. केवळ जुन्या नोंदींवर शिकलेल्या नेटवर्कला त्याची चाहूल लागायचा काही मार्गच नाही. गणिताकडे मात्र ती वेळ कितीतरी वर्षं आधी तयार होती.

मग नेटवर्कला द्यायचं काय? प्रत्येक पंधरा मिनिटांसाठी आधी निरभ्र आकाशात किती वीज बनली असती ते काढायचं आणि खऱ्या निर्मितीला त्याने भागायचं. समजा २० किलोवॉटचा प्रकल्प आहे. दुपारी एक वाजता निरभ्र आकाशात १५ किलोवॉट मिळायला हवेत आणि मीटर ६ दाखवतंय. भागाकार ०.४. हा झाला निरभ्रतेचा निर्देशांक. दोन वाजताचं निरभ्र गणित १४ किलोवॉट असेल आणि आकाश आहे तसंच राहिलं, तर दोनचा अंदाज १४ गुणिले ०.४, म्हणजे ५.६. यात नेटवर्क कुठेच नाही, तिसरी-चौथीतलं गणित आहे. पण तुमचं नेटवर्क या अंदाजाला हरवत नसेल तर ते वापरण्यात अर्थ नाही. आमच्या कामात कुठलंही नवं मॉडेल आधी याच्यासमोर उभं करतात.

उष्णतेचा भागही गणितातच घ्या. पॅनेलची पाटीवरची क्षमता १००० वॉट प्रति चौरस मीटर ऊन आणि सेलचं तापमान २५ अंश धरून लिहिलेली असते. मेमध्ये गच्चीवर सेल ६० अंशांपर्यंत सहज तापतो. सिलिकॉनच्या पॅनेलमध्ये दर अंशामागे साधारण ०.३५ ते ०.४ टक्के घट धरली तर १२ ते १४ टक्के तिथेच गेले. कडक उन्हात पॅनेल कमी का देतंय असं विचारणाऱ्यांना याचं उत्तर यातच मिळेल.

एवढं वजा केल्यावर उरतात ढग, थोडं धुरकं आणि पॅनेलवरची धूळ. नेटवर्कने यावर काम करावं.

विज्ञानबाई

फार सुंदर मांडलंत. मी शाळेत विज्ञान शिकवते, मुलं सतत एआयबद्दल विचारतात. निर्देशांकापर्यंतचं सगळं समजलं. त्यापुढे नेटवर्क आतमध्ये नेमकं करतं काय, हे नववीतल्या मुलांना सांगता येईल असं लिहाल का?

गच्चीवाला

नक्की, बाई. नेटवर्क म्हणजे आकड्यांची लांबलचक बेरीज-गुणाकारांची साखळी. आत येणारे आकडे म्हणजे गेल्या दोन तासांचे निर्देशांक, उपग्रहाच्या चित्रातून काढलेली ढगांची दाटी, हवामान खात्याचा अंदाज. प्रत्येक आकड्याला एक वजन असतं. गुणाकार करायचे, बेरीज करायची, मध्ये एक साधं वाकण द्यायचं म्हणजे सगळं सरळ रेषेतच राहत नाही, आणि हेच दोन-चार थरांत पुन्हा करायचं. शेवटी एक उत्तर येतं, उदाहरणार्थ ०.५५. प्रत्यक्षात ०.४ आलं होतं. फरक ०.१५. आता हा फरक कुठल्या वजनामुळे किती पडला ते उलट दिशेने मोजत जायचं आणि प्रत्येक वजन थोडंसं हलवायचं. तबला सुरात लावताना गठ्ठ्यावर हलकेच ठोकत, पुन्हा वाजवून ऐकत जातात, तसं. लाखो वेळा हे केल्यावर वजनं अशी बसतात की न बघितलेल्या दिवसावरही उत्तर बऱ्यापैकी जवळ येतं.

मुलांना एक गोष्ट आवर्जून सांगा. ढग म्हणजे काय हे नेटवर्कला ठाऊक नसतं. दिलेल्या नोंदींमध्ये जे वारंवार एकत्र घडलं तेवढंच त्याला माहीत.

पवईकर

+१. वाचनखूण साठवली. एलएसटीएम १९९७ चं, ट्रान्सफॉर्मर (चॅटबॉटच्या मुळाशी असलेली नेटवर्कची रचना, विजेचा नव्हे) २०१७ चे. आता सगळे ट्रान्सफॉर्मरकडे चाललेत, मग यासाठीही तेच घ्यावं का? की एक्सजीबूस्टसारखं, हो-नाही प्रश्नांच्या फांद्या असलेल्या 'झाडांवर' आधारलेलं काही पुरतं? आमच्या आयआयटीच्या कॅम्पसवर एनसीपीआरई हे सौर संशोधन केंद्र आहे, तिथे पॅनेलचं वय, बिघाड यांवर २०१० पासून काम चालतं, पण अंदाजाच्या बाजूचं मला फारसं माहीत नव्हतं.

गच्चीवाला

एका गच्चीच्या वर्ष-दोन वर्षांच्या नोंदी असतील तर मी एक्सजीबूस्टपासून सुरुवात करीन. पटकन शिकतं, कुठला आकडा कामाला आला ते दाखवतं, आणि निर्देशांक वापरला असेल तर लहान एलएसटीएमच्या बरोबरीने चालतं. नेटवर्कचं खरं बळ चित्रं आणि वेगवेगळ्या जागांच्या नोंदी एकत्र आल्या की दिसतं. उपग्रहाच्या चित्रातला ढगांचा पट्टा कुठून कुठे सरकतोय हे कॉन्व्होल्यूशनल नेटवर्क, म्हणजे चित्रं वाचणारं नेटवर्क, पकडतं; एक्सजीबूस्टच्या झाडांना ते जमत नाही. ट्रान्सफॉर्मरला पुष्कळ नोंदी लागतात. शे-दोनशे प्रकल्पांच्या नोंदी हाताशी असतील तर जरूर घ्या.

नेटवर्क कुठलं यापेक्षा त्याला कुठली चूक टाळायला सांगताय याने मुंबईत जास्त फरक पडतो, आणि याबद्दल मला थोडं सविस्तर लिहायचंच होतं. बहुतेक जण चुकीचा वर्ग (चूक गुणिले चूक) घेऊन त्याची सरासरी कमीत कमी ठेवायला सांगतात. श्रावणातली दुपार डोळ्यांसमोर आणा. सर येऊन जाते, दहा मिनिटं लख्ख ऊन, पुन्हा मळभ. निर्देशांक एक तर ०.९ च्या आसपास असतो नाही तर ०.२५ च्या. मधल्या ०.५५ वर तो फार थोडा वेळ असतो. वर्गाची सरासरी कमी ठेवायची तर नेटवर्कसाठी ०.५५ हेच सगळ्यात सोयीचं उत्तर, कारण कुठल्याही बाजूला मोठी चूक होत नाही. म्हणजे जी अवस्था जवळजवळ येतच नाही तीच ते दिवसभर सांगत राहतं. कागदावर चूक कमी दिसते, पण तो आकडा धरून कुणाला निर्णय घेता येत नाही.

म्हणून एका आकड्याऐवजी पट्टा मागा. दहापैकी एकदाच याच्या खाली जाईल असा खालचा आकडा, दहापैकी एकदाच याच्या वर जाईल असा वरचा आणि एक मधला. याला क्वांटाइल म्हणतात, आणि शिकवताना चुकीच्या वर्गाऐवजी पिनबॉल लॉस वापरायचा, म्हणजे वरच्या आणि खालच्या चुकीला वेगवेगळं वजन देणारं माप. फेब्रुवारीत हा पट्टा अरुंद येतो, जुलैत रुंद. उद्या काहीही होऊ शकतं हे नेटवर्कने प्रामाणिकपणे सांगितलं तर ती माहिती खरोखर उपयोगाची असते.

मळभ

हवामानाचा छंद असल्यामुळे एका बाबतीत असहमती नोंदवतो. पावसाळ्यात मुंबईत तासाभरापलीकडचा सौर अंदाज मला निरर्थक वाटतो. आपल्याकडे ढग येतात समुद्रावरून. जमिनीवर प्रारण, म्हणजे उन्हाची ताकद, मोजणारी केंद्रं आहेत, पण अरबी समुद्रावर आपल्या पश्चिमेला काय चाललंय ते मोजायला तिथे कोण आहे? कुलाबा आणि वेरावलीची रडार पावसाचे थेंब बघतात, पाऊस न देणारा ढगांचा थर त्यांना नीट दिसत नाही, आणि सोलारची निर्मिती पाडायला तर तोही थर पुरतो. हिशेब करा. सेकंदाला १० मीटरने वारा, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर. जुहूपासून समुद्रात १८ किलोमीटर आत असलेला ढग अर्ध्या तासात डोक्यावर. एका इन्सॅट हवामान उपग्रहाचं चित्र येतं अर्ध्या तासाने, ते हातात पडेपर्यंत आणखी वेळ. ढग तोवर ठाण्याला पोचलेला असतो.

दुसरं म्हणजे तारखेवर विसंबणं. मुंबईत मोसमी पाऊस दाखल होण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून. २०२५ साली तो २६ मेलाच आला, नोंदींमधला सगळ्यात लवकर. वर्षातला दिवस हा आकडा ज्यांनी नेटवर्कला दिला असेल त्यांचं मॉडेल त्या आठवड्यात कडक ऊन सांगत बसलं असणार.

गच्चीवाला

तारखेबद्दल शंभर टक्के सहमत. म्हणूनच मी तारीख फक्त सूर्याच्या गणितात वापरतो, नेटवर्कला देत नाही. त्याला हवेतली आर्द्रता, वाऱ्याची दिशा आणि ढगांचं प्रमाण द्या. नैऋत्येचा दमट वारा सुरू झाला की पाऊस मेमध्ये आलाय की जूनमध्ये याने त्याला फरक पडत नाही. उलटंही घडतं. ऑगस्ट २०२३ हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. तेवढ्याच एका पावसाळ्यावर शिकवलेलं मॉडेल पुढच्या ऑगस्टबद्दल भलत्या आशा दाखवील.

तासाभराच्या मुद्द्यावर मात्र माझं मत वेगळं आहे. एकेका ढगाची वेळ सांगायची असेल तर तुमचं म्हणणं खरं. तिथे गच्चीवरचा आकाशाकडे बघणारा कॅमेराच लागतो, आणि तोही पंधरा-वीस मिनिटांपुढे जात नाही. पण उपग्रहाच्या चित्रावरून ढगांच्या मोठ्या पट्ट्यांचा अंदाज चार-पाच तासांपर्यंत कामाचा असतो. इन्सॅट-३डीआरच्या दृश्य प्रकाशाच्या चित्रात एक किलोमीटरपर्यंतचं दिसतं, शंभर-दोनशे किलोमीटरचा पट्टा त्यात लपत नाही. त्यापुढच्या वेळेसाठी हवामानाची संगणकीय मॉडेल. आणि दिवसभराची एकूण युनिटं सांगायची तर ढगांची ये-जा आपसात बरीचशी कटते. २० किलोवॉटच्या गच्चीवर उद्या ३० ते ५५ युनिट बनतील असं जुलैत सांगता आलं तरी मी त्याला चांगला अंदाज म्हणेन.

निवृत्त_अभियंता

हयात वीज क्षेत्रात गेली म्हणून थोडी भर घालतो. एका गच्चीचा अंदाज चुकला तर कुणाचं काही अडत नाही. ग्रिडला, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या जाळ्याला, मात्र अडतं. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग असतात, आणि मोठ्या सौर प्रकल्पाला प्रत्येक भागात किती वीज देणार ते आदल्या दिवशी कळवावं लागतं. महाराष्ट्रात २०१८ साली आलेल्या नियमांत घोषित आणि प्रत्यक्ष यांतला फरक उपलब्ध क्षमतेच्या १५ टक्क्यांपुढे गेला की पैसे भरावे लागतील असं ठरलं. दिवसभरात दर दीड तासाला एकदा, असा १६ वेळा अंदाज सुधारायची सोय त्यात होती.

राज्यातल्या विजेची मागणी आणि पुरवठा जुळवणाऱ्या ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रात बसलेल्या माणसाच्या दृष्टीने बघा. दुपारी धुळे जिल्ह्यात साक्रीवर ऊन आणि मुंबईवर ढग असू शकतात, किंवा नेमकं उलट. संध्याकाळी मात्र सगळीकडचा सूर्य एकदमच उतरतो आणि घराघरांत दिवे लागतात. तेवढी वीज दुसरीकडून उभी करावी लागते. औष्णिक संच तासांच्या हिशेबाने वर येतात, भिरा-खोपोलीसारखी जलविद्युत केंद्रं मिनिटांत. कुठलं कधी तयार ठेवायचं ते अंदाजावर ठरतं. देशात सौर क्षमता २०२५ च्या जानेवारीत १०० गिगावॉटच्या पुढे गेली. एवढ्या प्रमाणात चूक झाली तर ती फार महाग पडते.

गच्चीवाल्याने पट्टा द्या म्हटलंय ते मला मनापासून पटलं. एकच आकडा देणारा अंदाज हाती असला की राखीव किती ठेवायचं ते अनुभवावरच ठरवावं लागतं.

खजिनदार_बोरिवली

सगळं वाचलं, बरंचसं समजलं. पण मी सोसायटीचे हिशेब बघते, त्या बाजूने विचारते. आमचं नेट मीटरिंग आहे. बनलेली वीज सकाळी वापरली काय, दुपारी ग्रिडला दिली काय, युनिटं बिलात वळती होतात. मग उद्याचा अंदाज कळून सोसायटीचा एक रुपया तरी वाचणार आहे का? आमचा खरा प्रश्न निराळा आहे. गेल्या दोन बिलांत निर्मिती कमी दिसते, आणि बसवून देणारे म्हणतात पावसाळी हवा आहे, चालायचंच.

गच्चीवाला

ताई, तुमचा प्रश्न फार मोलाचा आहे. उद्याच्या अंदाजाने तुमच्या बिलात फारसा फरक पडणार नाही हे खरंच. पण हेच मॉडेल मागे वळून वापरलं तर पैसे वाचतात. कालचं ऊन आणि कालचे ढग माहीत असताना काल किती युनिट बनायला हवी होती ते काढायचं आणि मीटरशी ताडून बघायचं.

फरक कसा पडतोय त्यावरून कारण कळतं. ढगांमुळे घट असेल तर ती रोज वेगळ्या वेळी असते. घट रोज सकाळी नऊ ते पावणेदहा याच वेळात असेल तर ती सावली आहे. शेजारी पुनर्विकासाचा टॉवर वर चढत असेल तर बघा, मजले वाढतील तशी ती वेळ लांबत जाते. आमच्याकडे मुलुंड पश्चिमेला संध्याकाळी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आड येतात, त्यांची कापलेली शेपटी आलेखात वर्षभर दिसते. दिवसभर सारख्याच प्रमाणात आणि आठवड्यागणिक हळूहळू वाढत जाणारी घट असेल तर ती धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा. पावसाळ्यानंतर बांधकामाच्या धुळीने मुंबईत हे फार पटकन होतं, पॅनेल धुतलं की रेघ लगेच वर येते. आणि एखाद्या दिवशी एकदम तिसरा हिस्सा किंवा निम्मी निर्मिती गळाली, आणि मग स्वच्छ उन्हातही तशीच राहिली, तर एखादी स्ट्रिंग, म्हणजे एकामागे एक जोडलेल्या पॅनेलची माळ, बंद पडलीय, फ्यूज किंवा कनेक्टर बघायला माणूस बोलवा.

तुमच्या प्रश्नापुरतं नेटवर्कही नको. बसवून देणाऱ्यांकडून इन्व्हर्टरच्या पंधरा मिनिटांच्या नोंदी मागून घ्या. त्यातले उघडीप असलेले दोन-तीन दिवस निवडा आणि निरभ्र गणिताशी ताडा. उघडिपीच्या दिवशीही घट दिसली तर हवा हे कारण उरत नाही. नोंदी इथे टाकल्यात तर मी बघून सांगेन.

खजिनदार_बोरिवली

नोंदी मागवते. टॉवरचं वाचून दचकलेच, आमच्या पूर्वेला एक चालू आहे.

तिसरं_वर्ष

दादा, मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, विक्रोळीला राहतो. प्रोजेक्ट याच विषयावर करायचा ठरवलाय. डेटा कुठून घेऊ? आमच्या इमारतीवर सोलार आहे पण वायफाय तुटलं की नोंदी गायब होतात. आणि ट्रेन-टेस्टसाठी ८० टक्के नोंदी शिकवायला, २० टक्के परीक्षेला अशा रँडम निवडल्या तर चालेल ना?

गच्चीवाला

रँडम अजिबात करू नको. सव्वा बाराची नोंद शिकायला दिली आणि साडेबाराची परीक्षेला ठेवली तर उत्तर शेजारीच लिहिलेलं आहे. चुकीचा आकडा खूप छान येईल आणि त्याला किंमत शून्य. सलग काळ बाजूला ठेव. निदान एक अख्खा पावसाळा मॉडेलने कधीच बघितलेला नसावा.

रात्रीच्या नोंदी चूक मोजताना काढून टाक, आणि टक्केवारीतली चूक वापरू नको. उजाडताना ०.१ किलोवॉटच्या जागी ०.२ आलं की शंभर टक्के चूक दिसते आणि दुपारच्या खऱ्या चुका त्यात बुडतात. चुकीला प्रकल्पाच्या क्षमतेने भाग. ऋतूप्रमाणे वेगळे आकडे दे: मार्च-एप्रिल, जून ते सप्टेंबर, डिसेंबर-जानेवारी. सगळ्या वर्षाचा एकच आकडा दिलास तर कोरड्या महिन्यांमुळे पावसाळ्यातली चूक झाकली जाते.

डेटासाठी नासाचं पॉवर हे संकेतस्थळ मोफत आहे, पण प्रारणाचे त्याचे चौकोन एक-एक अंशाचे, म्हणजे बाजू शंभर किलोमीटरच्या आसपास. मुंबई आणि भोवतालचा समुद्र एकाच आकड्यात येतो. ईआरए५ या युरोपीय हवामान नोंदसंचाचे चौकोन पाव अंशाचे, त्यातल्या त्यात बरे. इन्सॅटची माहिती इस्रोच्या मॉसडॅकवर नोंदणी करून मिळते. एक काळजी घे: ईआरए५ हे मागाहून जुळवलेलं हवामान आहे, आदल्या दिवशी ते कुणाच्याच हातात नसतं. त्यावर परीक्षा घेतलीस तर मॉडेलला उद्याचे ढग आधीच दाखवल्यासारखं होईल. परीक्षेच्या काळासाठी तेव्हा प्रत्यक्ष दिलेले हवामान अंदाजच शोधून वापर.

वायफायचं सोपं आहे. गायब नोंदींच्या जागी शून्य भरू नको, नाही तर नेटवर्क त्याला दाट ढग समजेल. मधली सरासरीही भरू नको. तेवढा भाग रिकामाच ठेव आणि शिकवताना वगळ. बऱ्याच इन्व्हर्टरमध्ये आतल्या मेमरीत काही दिवसांच्या नोंदी शिल्लक राहतात, बसवणाऱ्याला विचारून त्या उतरवून घेता येतात का बघ. आणि घड्याळ तपास. इन्व्हर्टरचं घड्याळ वीस मिनिटं मागे असेल तर सकाळी निर्देशांक एकाहून बराच वर जाईल आणि संध्याकाळी खाली पडेल. दहा मिनिटांपुरता एकच्या वर गेला तर घाबरू नको, ढगाच्या कडेवरून परावर्तित ऊन आलं की तसं होतं. रोज सकाळी सलग दोन तास वर असेल तर आधी घड्याळ, मग पॅनेलची दिशा, मग बाकीचं. हे नीट झाल्याशिवाय नेटवर्कची एक ओळही लिहू नको.